चारित्र्य नावाची चाळणी

हार्वर्डला प्रवेश मिळवायला काय लागतं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: नुसते मार्क पुरत नाहीत, विद्यार्थी ‘सर्वांगीण’ हवा. खेळ हवेत, नेतृत्व हवं, निबंध, शिफारसपत्रं हवीत. ही सर्वांगीणता आली कुठून, ते जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाच्या ‘द चोझन’ या २००५ सालच्या पुस्तकात वाचायला मिळतं. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रवेशांचा हा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये प्रवेश परीक्षा पास झालात, की जागा जवळजवळ नक्की असे. त्यामुळे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली हुशार मुलं येऊ लागली. १९२२ पर्यंत पहिल्या वर्षात साधारण पाचातला एक विद्यार्थी ज्यू होता. अध्यक्ष लोवेल यांना हे खुपलं. त्यांनी संख्येवर मर्यादा सुचवली, पण प्राध्यापकांनी उघड कोटा मान्य केला नाही. मग आडवाट निघाली. अर्जात प्रश्न आले: धर्म कोणता, वडील जन्मले कुठे, आईचं माहेरचं नाव काय, घराण्याने नाव बदललंय का? १९२६ पासून जागा मर्यादित झाल्या आणि ‘चारित्र्या’ला वजन आलं. चारित्र्य मोजायला फूटपट्टी नसते. नेमका तोच त्याचा उपयोग होता. आडनावावरून माणूस जोखायची रीत आपल्याकडेही आहेच, म्हणून ही पानं वाचताना आपण चपापतो.

पुस्तकाचं बळ असं, की कॅराबेल नुसता आरोप करत नाहीत, विद्यापीठांच्या दप्तरांतले कागद समोर ठेवतात. मात्र आमची एक तक्रार आहे. हे जाडजूड पुस्तक बहुतेक वेळ प्रवेश कचेरीतच बसून राहतं. दारापर्यंत न पोचलेला विद्यार्थी त्यात फारसा भेटत नाही. कॅरोलाइन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनी पुढे दाखवलं, की अमेरिकेतली गरीब घरची बहुसंख्य अतिहुशार मुलं अशा ठिकाणी अर्जच करत नाहीत.

आणि चाळणी जुनी झालेली नाही. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास सांगतो: एसएटीचे गुण सारखेच असले तरी सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं अशा विद्यापीठांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त. कारणं? माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांचं मूल्यमापन.

मग नुसती परीक्षाच बरी, असं कुणी म्हणेल. पण कोटाच्या क्लासची फी कुणाला परवडते, हे आपण जाणतोच. चाळणी कोणतीही असो, ती कुणी विणली आणि कुणासाठी, हे विचारायला हवं. एवढं कळलं, तर परदेशातून नकार आलेल्या आपल्या लेकीला आपण निदान ‘तू कमी पडलीस’ असं म्हणणार नाही. आता प्रश्न घेऊ या.