इंग्रजी प्रिपोझिशनचे पदबंध आणि मराठी विद्यार्थी : एक चिकित्सा
महाराष्ट्रात इ. स. २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तरीही मराठी माध्यमातील विद्यार्थी प्रिपोझिशनपाशी अडखळतो. याचे खापर पाठांतराच्या अभावावर फोडले जाते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. दोष 'वर म्हणजे ऑन, त म्हणजे इन' अशा कोष्टकांत आहे. शेळगावचा (ता. इंदापूर) शेतकरी 'शेतावर' जातो, एस.टी. 'स्टँडवर' थांबते, येथे 'ऑन' चालत नाही.

याहून गंभीर बाब पदबंधाच्या कार्याची आहे. 'ही क्लीन्ड द पंप इन द फील्ड' या वाक्याचे दोन अर्थ संभवतात : त्याने शेतात पंप साफ केला, किंवा शेतातला पंप साफ केला. पहिल्यात पदबंध क्रियाविशेषणाचे काम करतो, दुसऱ्यात विशेषणाचे. मराठी हा भेद शब्दातच नोंदवते. 'कालव्यात पाणी' आणि 'कालव्यातले पाणी' यांत नीरा डाव्या कालव्याकाठचे शाळकरी पोरही गोंधळत नाही. इंग्रजी तो भेद स्थानावर व संदर्भावर सोपविते. प्रिपोझिशनला 'शब्दयोगी अव्यय' हा प्रतिशब्द देऊन आपले अध्यापन थांबते, आणि विद्यार्थ्याजवळचे हे ज्ञान वर्गात वापरलेच जात नाही. 'गाळलेल्या जागा भरा'ऐवजी असे एखादे वाक्य दोन्ही अर्थांनी मराठीत उतरविण्यास सांगावे.