विश्वचषकाचा गेम आणि नांदगावची फुटपट्टी

फुटबॉल विश्वचषकाचा अधिकृत परवाना मिळाला म्हणजे गेम चांगलाच निघणार, असं कुणाला वाटत असेल तर त्याने 1986 सालचा ‘वर्ल्ड कप कार्निव्हल’ आठवावा. मेक्सिकोच्या स्पर्धेसाठी यूएस गोल्ड कंपनीने परवाना घेतला, गेम करायला दिला, पण तो वेळेत पुरा होईना. स्पर्धा तोंडावर आलेली. मग आर्टिक नावाच्या छोट्या कंपनीचा 1984 मधला ‘वर्ल्ड कप फुटबॉल’ उचलला, थोडी डागडुजी केली, खोक्यात सामन्यांचा तक्ता आणि किरकोळ भेटवस्तू भरल्या आणि माल बाजारात आणला. ब्रिटनमधल्या संगणक मासिकांनी त्याची सालटी काढली, आणि ते योग्यच झालं.

तेव्हापासून या प्रकारच्या गेमचं परीक्षण एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहिलं आहे. आधीच्या गेमपेक्षा यात नवं काय, आणि त्यासाठी पुन्हा पैसे का मोजायचे? दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हाच प्रश्न पडतो, त्यामुळे तो गैर नाही. पण समीक्षा तिथेच संपली तर गेमने विश्वचषक कितपत उभा केला, हे बघायचं राहूनच जातं. चार वर्षांची वाट, पात्रता फेरीतली रखडपट्टी, एका पेनल्टीवर देशाचं पाणी पाणी होणं, हे सगळं नियंत्रकाच्या बटणांत कसं उतरवायचं, हा खरा कलेचा प्रश्न आहे. परीक्षकांनी तो क्वचितच विचारला.

ईए स्पोर्ट्सच्या ‘वर्ल्ड कप 98’चं उदाहरण घ्या. त्याचं परीक्षकांनी भरघोस स्वागत केलं. चित्रं सुबक होती, चाल वेगवान होती आणि चम्बावाम्बाचं ‘टबथम्पिंग’ हे गाणं सुरू झालं की अंगात वारं संचारायचं. पण त्या गेममधली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट तुम्ही विश्वचषक जिंकल्यावरच हाती लागायची. जुन्या काळच्या गाजलेल्या लढती तिथे पुन्हा खेळता येत. जुन्यातले जुने सामने कृष्णधवल रंगात दिसत आणि समालोचनाला आवाज असे केनेथ वोल्स्टनहोम यांचा, म्हणजे 1966 चा अंतिम सामना ज्यांनी बीबीसीवरून सांगितला त्यांचाच. स्पर्धेला स्मृती असते, हे ओळखून केलेलं हे काम होतं. बहुतेकांनी ते जादा मिळालेल्या वस्तूंत जमा करून टाकलं.

2002 च्या कोरिया-जपान स्पर्धेवरचा गेम मला तरी पोकळ वाटतो. नामांकित खेळाडूने चेंडू मारला की मागे प्रकाशाची शेपटी उमटायची. आठवीतल्या मुलांना ते आवडलं असेल, पण त्याने सामन्याचा धूमकेतू झाला. पात्रता फेरीही नव्हती, थेट मुख्य स्पर्धेत उडी. 2006 च्या जर्मनीतल्या स्पर्धेच्या गेममध्ये मात्र 127 देश आले, पात्रता फेरी आली, आणि इतिहासातले बिकट प्रसंग पुढ्यात ठेवून ‘आता यातून सुटून दाखव’ म्हणणारा विभागही आला. हा गेम संगणकावर निघाला होता. म्हणूनच तो नांदगावात पोहोचला.

इथे जरा थांबायला हवं. नांदगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव. मनमाडचं मोठं जंक्शन याच तालुक्यातलं. गेमची सीडी आमच्याकडे परीक्षण वाचून यायची नाही. ती मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलेल्या कुणाच्या तरी पिशवीतून रेल्वेने यायची आणि मग गावात तिच्या प्रती निघायच्या. ते बेकायदा होतं हे सांगायला नकोच. पण निमशहरी महाराष्ट्रात गेमची आवड रुजली ती याच वाटेने, आणि कुठल्याही इतिहासात हे लिहिलं जायला हवं. सायबर कॅफेत एका कीबोर्डवर दोघं बसत. एकाकडे बाणांची बटणं आणि एस, डी, ए, डब्ल्यू. दुसऱ्याकडे उजवीकडचा आकड्यांचा पट्टा. ‘डी दाबून धर ना रे’ असा बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याचा सल्ला, कारण डी म्हणजे गोलवर फटका आणि किती वेळ दाबलं त्यावर चेंडू जाळ्यात की आभाळात ते ठरायचं. एकाच वेळी चार-पाच बटणं दाबली की स्वस्त कीबोर्ड गोंधळायचा आणि ऐन मोक्याला खेळाडू ढिम्म उभा राहायचा. त्यावरून होणारी भांडणं ऑफसाइडच्या भांडणांपेक्षा मोठी असत.

त्यात भारनियमन. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात वीज वेळापत्रकाने जायची आणि वेळापत्रक मोडूनही जायची. त्यामुळे अर्ध्या भागाची मिनिटं किती ठेवायची, याचा निर्णय महावितरणच्या हातात होता. इथल्या मुलाने परीक्षण लिहिलं असतं तर त्याची फुटपट्टी वेगळी निघाली असती. जुन्या संगणकावर गेम अडखळतो का, कीबोर्डवर दोघांना नीट खेळता येतं का, अर्धवट स्पर्धा जतन होते का, हे त्याने आधी पाहिलं असतं. परदेशी परीक्षणांत या गोष्टींना एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

आणि खरं सांगायचं तर त्या कॅफेत राज्य फुटबॉलचं नव्हतंच. ईएचा ‘क्रिकेट 07’ सगळ्यांवर भारी होता. 2007 च्या क्रिकेट विश्वचषकाचा अधिकृत परवाना कोडमास्टर्सकडे होता. त्यांचा ब्रायन लाराच्या नावाचा गेम भारतात युवराज सिंगच्या नावाने विकला गेला. तरीही पोरं ‘क्रिकेट 07’च लावायची, कारण हौशी लोकांनी त्यात नवे संघ आणि नवे पोशाख भरून तो जिवंत ठेवला होता.

आता 2010. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पर्धेवरचा गेम एप्रिल 2010 मध्ये बाजारात आला. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 या आवृत्त्यांची सरासरी 80 च्या वर गेली. तरीही कुरकुर होतीच. काही महिन्यांपूर्वीच ‘फिफा 10’ घेतलेला असताना त्याच पातळाला नवे काठ लावून पुन्हा पूर्ण किमतीला का विकता, अशी. कुरकुर खोटी नव्हती, पण या गेमने स्पर्धेचा गाभा धरला होता. पात्रता फेरीतल्या 204 पैकी 199 देश त्यात होते आणि यातला कुठलाही देश घेऊन तळापासून निघता येत होतं.

त्यातली पेनल्टी आठवून पाहा. पडद्यावर एक पट्टी, तिच्यावर इकडून तिकडे पळणारी खूण. ती हिरव्या भागात असताना बटण दाबायचं, मग दिशा आणि जोर ठरवायचा. खेळाडू कसलेला असेल तर खूण सावकाश फिरते. दमलेला, दडपणाखालचा असेल तर सैरावैरा धावते. काही परीक्षकांना हे किचकट वाटलं. मला यात त्या गेमची सगळी हुशारी दिसते. पेनल्टी हा नेमबाजीपेक्षा धीराचा खेळ आहे, हे सांगायला एक पट्टी पुरली.

उंचीचंही तसंच. समुद्रसपाटीपासून उंचावरच्या मैदानात खेळाडू लवकर दमत आणि चेंडू हवेत वेगळा वागत असे. जोहान्सबर्ग सुमारे 1750 मीटरवर आहे, पण या करामतीचा खरा कस दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीत लागतो. बोलिव्हियाचं ला पाझ 3600 मीटरवर. 1 एप्रिल 2009 रोजी तिथे मॅराडोना प्रशिक्षक असलेल्या अर्जेंटिनाचा बोलिव्हियाने 6-1 असा धुव्वा उडवला होता. हा निकाल ठाऊक असलेल्याला त्या गेमने उंचीचा विचार का केला, हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘कॅप्टन युवर कंट्री’ या प्रकारात चार जण एकाच देशाच्या संघात येऊन कर्णधारपदासाठी एकमेकांशी चढाओढ करू शकत. पास द्यायचा की स्वतःच गोल मारून भाव खायचा, हा पेच त्यातून आपोआप उभा राहायचा. नांदगावच्या कॅफेसाठी याहून फर्मास रचना सापडली नसती.

पण हा गेम संगणकावर आलाच नाही. प्लेस्टेशन 3 भारतात 2007 मध्ये आला तेव्हा त्याची किंमत 40 हजारांच्या आसपास होती, आणि पुढे ती उतरली तरी नांदगावच्या घरात तो चैनीचाच माल राहिला. गंमत अशी, की त्या 199 देशांत भारत होता. प्रत्यक्षात भारताची 2010 ची मोहीम पहिल्याच फेरीत संपली होती. ऑक्टोबर 2007 मध्ये लेबनॉनने स्वतःच्या घरी 4-1 हरवलं आणि मडगावात 2-2 बरोबरी झाली. मैदानावर जे शक्य नव्हतं ते पडद्यावर करून बघण्याची मुभा या गेमने दिली होती; ज्यांना तिचं सर्वाधिक अप्रूप वाटलं असतं त्यांच्या घरी ते यंत्रच नव्हतं.

2014 च्या ब्राझीलच्या गेमने हाच कित्ता गिरवला. पात्रता फेरीतले सगळे 203 देश, त्यात भारतही. भारताला जुलै 2011 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने 3-0 हरवलं आणि दिल्लीत 2-2 असं बरोबरीत रोखलं होतं. मेटाक्रिटिकची सरासरी सत्तरीच्या घरात घसरली. परीक्षकांची मोठी तक्रार अशी, की प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन दुकानात असताना गेम फक्त मागच्या पिढीच्या यंत्रांवर का काढला. पुढचं यंत्र विकत घेतलेल्याची ही नाराजी सगळ्या परीक्षणांत घुमली. संगणकावर गेम नाही, याचा उल्लेख मात्र ओझरता. परीक्षक कुठे राहतो आणि त्याच्या टेबलावर काय आहे, यावर दोष कोणता ठरतो हे अवलंबून असतं; आपल्याकडे नाटकांच्या परीक्षणांतही मुंबई-पुण्याबाहेरचं प्रेक्षागृह असंच गायब असतं.

त्यानंतर हा प्रकारच मिटला. 2018 चा रशियातला विश्वचषक ‘फिफा 18’मध्ये आणि 2022 चा कतारमधला ‘फिफा 23’मध्ये फुकट जोडून मिळाला. फुकट म्हटल्यावर परीक्षकांची जुनी तक्रार विरघळली, आणि तिच्याबरोबर परीक्षणही. वेगळी किंमत नाही म्हणून वेगळे गुण नाहीत, वेगळे गुण नाहीत म्हणून लेख नाही. पात्रता फेरीची लांबलचक वाट गेली, छोटे देश गेले, आणि त्याबद्दल कुणी हळहळलंही नाही. पैशाचा ओघ तोवर फिफा गेममधल्याच ‘अल्टिमेट टीम’ या प्रकाराकडे वळला होता. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत कुठला खेळाडू निघतो ते नशीब. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि पुढच्या वर्षी ईएला तिथे त्यासाठीचे गुण पैशाने विकणं थांबवावं लागलं. एका देशाच्या नियामकाला जे दिसलं त्यावर बहुतेक परीक्षणांत नाक मुरडून पुढे गुण दिलेले असत. 2022 मध्ये ईए आणि फिफाने फारकत जाहीर केली आणि 2023 पासून त्या गेमचं नावही बदललं.

भारताचं काय झालं? इंडियन सुपर लीग ‘फिफा 22’मध्ये आली, त्यामुळे मुंबई सिटी आणि एफसी गोवा या संघांनी खेळता येऊ लागलं. 2022 च्या कोपनहेगनमधल्या फिफा-ई नेशन्स कपसाठी भारतीय संघ पात्र ठरला. म्हणजे नियंत्रक हातात घेऊन का होईना, जागतिक स्पर्धेत आपण पोहोचलो. मराठी वर्तमानपत्रांत त्याला क्रीडा पानावर जागा द्यायची की तंत्रज्ञानाच्या पुरवणीत, हे बहुधा कुणालाच ठरवता आलं नसावं.

मराठीत नाटकाची समीक्षा आहे, सिनेमाची आहे, गाण्याच्या बैठकीची आहे. गेमबद्दल छापून येतं ते नव्या फोनच्या बातमीशेजारी, नाहीतर मुलं बिघडल्याच्या काळजीत. जाणते लोक नाहीत अशातला भाग नाही. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर जाणारा प्रेक्षक फुटबॉल कोळून प्यालेला आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी भारताच्या संघात निवडलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. पडद्यावरचा बचावपटू मागे का सरकतो आणि खऱ्या मैदानात तो का सरकत नाही, हे असा प्रेक्षक लंडनच्या परीक्षकाइतकंच नेमकं सांगेल.

माझा निकाल असा: स्पर्धा म्हणून 2010 चा गेम सर्वांत सरस, स्मृतीसाठी ‘वर्ल्ड कप 98’, आणि 2006 चा त्या दोहोंच्या बराच मागे, पण आमच्यापर्यंत पोहोचला म्हणून तिसरा. 2014 ला त्याच्या परीक्षकांनी जरा कमीच लेखलं, 2018 आणि 2022 ला त्यांनी लिहिण्याइतपतही मानलं नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना एवढीच विनंती, की पुढच्या अंकासाठी चित्रपटावरच्या चार लेखांपैकी एक कमी करा आणि ती पानं तालुक्याच्या गावात कीबोर्डवर फुटबॉल शिकलेल्या, आता तिशीत असलेल्या एखाद्याला द्या.