टियामाट : शैलीपरिवर्तनाची वाटचाल आणि आवाजाचा प्रश्न

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत युरोपातील रॉक संगीताला ज्या अनेक शाखा फुटल्या, त्यांत गॉथिक मेटल ही एक महत्त्वाची शाखा होय. हेवी मेटलचा दणकट नाद आणि गॉथिक रॉकमधील विषण्णता यांच्या संयोगातून ती आकाराला आली. इंग्लंडमधील पॅराडाइज लॉस्ट या बँडच्या १९९१ मधील 'गॉथिक' या अल्बमने या प्रकाराला जणू नावच मिळवून दिले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये डेथ मेटलचा जोर होता आणि त्यातूनच काही बँड हळूहळू या नव्या वाटेकडे वळत होते. टियामाट हा त्यांतील एक प्रमुख बँड.

टियामाटच्या कारकिर्दीविषयी श्रोत्यांमध्ये दोन टोकांची मते आढळतात. शैली सतत बदलून या बँडने आपले स्वत्व गमावले, असे एक मत. तर प्रत्येक बदल हा कलावंताच्या वाढीचाच पुरावा होय, असे दुसरे मत. या दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. सर्व शैलीपरिवर्तने एकाच जातीची असतात, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. प्रस्तुत लेखात टियामाटच्या वाटचालीतील निरनिराळ्या बदलांचे स्वरूप तपासावयाचे असून, त्यासाठी गायकाचा आवाज हा मुख्य निकष मानला आहे.

१. आरंभ : नाव आणि नाद

स्टॉकहोमजवळील टेबी या उपनगरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस या बँडची स्थापना झाली. गायक, गिटारवादक आणि गीतकार योहान एड्लुंड हा प्रारंभापासून त्याचा कणा राहिला. बँडचे पहिले नाव 'ट्रेब्लिंका' असे होते. ट्रेब्लिंका हे नाझींनी व्यापलेल्या पोलंडमधील संहारछावणीचे नाव. तेथे लाखो ज्यूंची हत्या झाली. केवळ ऐकणाऱ्याला हादरा देण्यासाठी असे नाव घेणे ही त्या काळच्या भूमिगत मेटलमधील एक उथळ प्रवृत्तीच म्हटली पाहिजे. पहिला अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वी हे नाव टाकून बँडने मेसोपोटेमियाच्या पुराणकथेतील आदिम सागरदेवतेचे 'टियामाट' हे नाव स्वीकारले. इतिहासातील प्रत्यक्ष यातनांचा भडक वापर थांबवून मिथकाकडे जाणे, हे या वाटचालीतील पहिले परिवर्तन होय.

'सुमेरियन क्राय' (१९९०) हा पहिला अल्बम स्टॉकहोममधील सनलाइट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. एन्टूम्ड या बँडचा 'लेफ्ट हँड पाथ' हा १९९० मधील अल्बमही याच स्टुडिओतला. येथील गिटारचा करवतीसारखा खरखरीत नाद ही पुढे स्वीडिश डेथ मेटलची खूण ठरली. 'सुमेरियन क्राय' या परंपरेतच बसतो. घशाच्या खोल भागातून काढलेला गुरगुरता आवाज, ज्याला 'ग्राउल' म्हणतात, तोच येथे सर्वत्र आहे. या आवाजात शब्द जवळजवळ विरघळून जातात. कोण बोलत आहे, हा प्रश्न उद्भवतच नाही. उरते ते केवळ भय.

२. संक्रमण : 'द अॅस्ट्रल स्लीप' आणि 'क्लाउड्स'

'द अॅस्ट्रल स्लीप' (१९९१) आणि 'क्लाउड्स' (१९९२) या दोन अल्बममध्ये गती मंदावते, कीबोर्डचे स्वर पार्श्वभूमीवर पसरू लागतात आणि गिटारच्या सुरावटी स्वतंत्रपणे ऐकू येतात. निर्माता वाल्देमार सोरिख्ता याच्याशी या काळात जुळलेला संबंध बँडच्या नादाला वळण देणारा ठरला. 'क्लाउड्स'मध्ये एड्लुंडचा आवाज घोगरा असला तरी शब्द कळू लागतात. 'द स्लीपिंग ब्यूटी' या गाण्यात हा फरक विशेषत्वाने जाणवतो. भय अजून आहे, परंतु त्याला आता एक वक्ता मिळाला आहे. ही गोष्ट वरकरणी किरकोळ वाटली तरी पुढील सर्व परिवर्तनाचे बीज तीत आहे. कारण शब्द कळू लागले की ते शब्द कोणाचे, हा प्रश्नही उभा राहतो.

३. 'वाइल्डहनी' : विरोधातून समतोल

१९९४ मधील 'वाइल्डहनी' ही टियामाटची सर्वश्रेष्ठ निर्मिती मानली जाते आणि ते योग्यच आहे. या वेळी बँडमध्ये एड्लुंड आणि बासवादक यॉनी हागेल हे दोघेच उरले होते. उर्वरित वादन बाहेरच्या वादकांच्या साहाय्याने पार पडले. संघ विस्कळीत होणे ही आपत्तीच, पण तिच्यामुळे ठरावीक वाद्यरचनेची बंधनेही सैल झाली. जवळपास ४० मिनिटांचा हा अल्बम सुट्या गाण्यांचा संग्रह न राहता एकसंध रचना झाला आहे. एक गाणे दुसऱ्यात मिसळते. 'ट्वेंटीफिफ्थ फ्लोअर', 'कलायडोस्कोप', 'प्लॅनेट्स' यांसारखे छोटे ध्वनिखंड मोठ्या गाण्यांना जोडणारे दुवे ठरतात.

मराठी समीक्षेत बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. 'वाइल्डहनी'च्या घडणीचे आकलन होण्यासाठी ती उपयोगी पडतात. 'व्हॉटेव्हर दॅट हर्ट्स' या गाण्यात कडवे कुजबुजल्यासारखे येते आणि ध्रुवपदात आवाज कर्कश होतो. येथे विरोधाचे तत्त्व उघड आहे. मात्र हा विरोध केवळ मोठ्या व लहान आवाजाचा नाही. कुजबुज ही एकट्या माणसाची आहे, तर गुरगुर ही त्याच्या आत दडलेल्या कशाची तरी. पूर्वी बाहेर असलेले भय आता मनाच्या आत शिरले आहे. 'गाया'मध्ये पृथ्वी आणि मानव यांच्या नात्याचा आशय संथ लयीत मांडला जातो. शेवटी शब्द थांबतात आणि गिटार तोच भाव पुढे नेते. येथे स्वर आणि वाद्य यांचा संवाद साधला आहे. 'अ पॉकेट साइझ सन' या अखेरच्या दीर्घ गाण्यात गुरगुर पूर्णतः लोपते. एड्लुंडचा खालच्या पट्टीतील शांत आवाज आणि त्याला लाभलेली स्त्रीस्वराची साथ यांतून अल्बम समतोलाला पोहोचतो.

म्हणजेच या अल्बममध्ये आवाजाचे परिवर्तन श्रोत्याच्या डोळ्यांदेखत घडते. जुनी शैली टाकून दिलेली नाही. तिला रचनेत अर्थपूर्ण स्थान दिले आहे. याच काळात 'गाया' या लघुअल्बमवर पिंक फ्लॉइडची 'व्हेन यू आर इन' ही रचना बँडने वाजवली. ऋण उघडपणे मान्य करूनही ते पचवता येते, हे यातून दिसते.

४. 'अ डीपर काइंड ऑफ स्लंबर' : जोखीम

'वाइल्डहनी'च्या यशानंतर त्याचीच पुनरावृत्ती करणे सोपे होते. 'अ डीपर काइंड ऑफ स्लंबर' (१९९७) मध्ये एड्लुंडने ते टाळले. 'कोल्ड सीड' हे पहिलेच गाणे वेगवान आणि ठेकेदार गॉथिक रॉक आहे. परंतु पुढचा अल्बम त्या अपेक्षेला छेद देतो. इलेक्ट्रॉनिक नाद, पौर्वात्य वळणाच्या सुरावटी, झोप आणि भ्रमावस्था यांचे वातावरण असा त्याचा पट आहे. गुरगुरता आवाज येथे जवळजवळ नाहीसा झाला आहे. मेटलच्या निष्ठावंत श्रोत्यांना हा अल्बम परका वाटणे स्वाभाविक होते. काही ठिकाणी तो विस्कळीतही आहे. तरीही त्यातील धडपड खरी आहे. ग्राउलचा आधार सोडल्यानंतर उघड्या पडलेल्या आवाजाला काय म्हणता येईल, याचा शोध एड्लुंड येथे घेतो.

५. गॉथिक रॉकचा स्वीकार : १९९९ ते २००३

'स्केलेटन स्केलेट्रॉन' (१९९९), 'ज्युडास क्राइस्ट' (२००२) आणि 'प्रे' (२००३) या तीन अल्बममध्ये शैली स्थिरावते. सुटसुटीत गाणी, ठसठशीत ध्रुवपदे आणि खर्जातील भारदस्त आवाज ही तिची लक्षणे. या आवाजावर सिस्टर्स ऑफ मर्सी या इंग्लिश बँडचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच याची दाट छाया आहे. एड्लुंडने २००१ मध्ये ल्युसीफायर या स्वतंत्र प्रकल्पाद्वारे याच वळणाचा एक अल्बम काढला, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

या टप्प्यावरील बदलाची जात मात्र वेगळी आहे. १९९४ मध्ये शैली आशयाच्या गरजेतून घडत गेली. १९९९ मध्ये ती तयार स्थितीत उपलब्ध होती आणि निवडली गेली. 'स्केलेटन स्केलेट्रॉन'वरील रोलिंग स्टोन्सच्या 'सिम्पथी फॉर द डेव्हिल'ची आवृत्ती या संदर्भात बोलकी आहे. मूळ गाण्यातील सैतान सभ्य, मिश्कील आणि म्हणून भयावह आहे. टियामाटच्या आवृत्तीत तो आरंभापासूनच काळोखा आहे. त्यामुळे त्यातील व्याज हरपते आणि उरते ते वातावरण. आवाज धारण करणे आणि आवाज सापडणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. अर्थात या काळातील सर्वच गाणी निष्प्राण आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'प्रे'मधील 'केन' हे गाणे त्याच मर्यादित चौकटीत राहून खिन्नतेचा उत्कट प्रत्यय देते.

६. 'अमानेथेस' आणि पुढे

२००८ मधील 'अमानेथेस' या अल्बमच्या शीर्षकाचे नाते ग्रीक शोकगानाच्या एका प्रकाराशी आहे. येथे काही गाण्यांत वेग, कर्कशपणा आणि गुरगुर पुन्हा अवतरतात. हे जुन्या श्रोत्यांना खूश करण्यासाठी केलेले पुनरागमन नव्हे. गुरगुर ही आता अनेक आवाजांपैकी एक आहे आणि शोकगीताच्या शेजारी ती विलापाचेच एक रूप म्हणून येते. २०१२ मधील 'द स्कार्ड पीपल' मात्र पुन्हा संथ, गॉथिक वळणाकडे झुकतो.

याच शहरातील कॅटाटोनिया या बँडशी तुलना केल्यास टियामाटचे वेगळेपण उठून दिसते. कॅटाटोनियाचा गायक योनास रेंक्से याला ग्राउल करणे अशक्य झाले. १९९६ मधील 'ब्रेव्ह मर्डर डे'साठी तो आवाज मिकाएल ओकरफेल्ट याने दिला आणि १९९८ मधील 'डिस्करेज्ड वन्स'पासून रेंक्सेचा स्वच्छ, हळवा आवाज हीच बँडची ओळख झाली. तेथे शरीराच्या मर्यादेने शैली ठरवली आणि त्या मर्यादेतून एकच सलग दिशा मिळाली. एड्लुंडपुढे असे कोणतेही बंधन नव्हते. त्याचे स्वातंत्र्य अधिक होते, म्हणून त्याच्या चुकाही अधिक आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. टियामाटच्या शैलीपरिवर्तनाचे खरे केंद्र वाद्यरचनेत नसून आवाजात आहे. अनामिक भयाकडून एकाकी माणसाच्या बोलण्याकडे, असा हा प्रवास आहे.

२. १९९४ आणि १९९७ मधील बदल शोधाचे आहेत, तर १९९९ नंतरचे बदल प्रामुख्याने स्वीकाराचे आहेत. दोहोंचे मूल्यमापन एकाच मापाने करता येत नाही.

३. शैली बदलली म्हणजे स्वत्व गेले, हा आरोप टिकत नाही. त्याचप्रमाणे बदल म्हणजे वाढ, हे समीकरणही टिकत नाही. जुन्या आवाजाला नव्या रचनेत अर्थ लाभला की परिवर्तन समृद्ध होते. तयार आवाज अंगावर चढवला की ते केवळ वेशांतर ठरते.

लोकप्रिय संगीताच्या समीक्षेत निष्ठा आणि विश्वासघात यांची भाषा सहज वापरली जाते. कलाकृती काय करते, हे पाहण्याऐवजी कलावंत कोणाच्या बाजूचा, हे पाहण्याची सवय त्यातून जडते. टियामाटची उंचसखल कारकीर्द ही सवय सोडावयास लावते. तिच्यातील यश आणि अपयश ही दोन्ही गांभीर्याने ऐकण्याच्या योग्यतेची आहेत.