अहवाल, आवई आणि अरण्य

ग्रंथपरीक्षण म्हणजे काव्य, कथा, नाटक यांचें परीक्षण, अशी आपली एक ठरीव समजूत आहे. सरकारी अहवाल हें वाङ्मयच नव्हे, मग त्याचें परीक्षण तें कशाला? परंतु ज्या लिखाणाच्या एकेका पानावर शेंकडों गांवांचे डोंगर व झरे अवलंबून आहेत, त्याची भाषा बरी कीं वाईट, तें कोणास उद्देशून लिहिलें, आणि वाचणारांनीं व न वाचणारांनीं त्याचें काय केलें, हे प्रश्न टीकाकाराचेच आहेत. पश्चिम घाटाविषयींच्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालाकडे आम्ही येथें या दृष्टीनें पाहणार आहों.

शिरूर अनंतपाळ येथें चार वाचनप्रेमी मंडळींत या विषयाचा उल्लेख निघतांच एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “अहो, सह्याद्रि राहिला शंभर कोसांवर. खाण तिकडे, रान तिकडे; आपल्याला काय करायचें त्याचें?” प्रश्न रास्त होता. ज्या लातूर जिल्ह्यांत शंभर एकरांमागें एक एकरहि वन नाहीं, तेथील माणसास अरण्याच्या रक्षणाची हांक परकी वाटावी यांत नवल नाहीं. परंतु एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें जें पाणी आलें, तें कृष्णेचें होतें. पहिल्या खेपेस दहा डबे, सुमारें पांच लक्ष लिटर. ती कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावते. त्या गृहस्थांस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, तो शंभर कोसांवरचा डोंगर आपल्या दाराशीं एकदां येऊन गेला आहे.

आतां अहवालाकडे वळूं. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानें मार्च २०१० मध्यें ही समिती नेमली आणि ऑगस्ट २०११ मध्यें तिनें आपला अहवाल सादर केला. सुमारें १ लक्ष २९ हजार चौरस किलोमीटरांच्या घाटप्रदेशाचे तिनें संवेदनशीलतेच्या मानानें तीन विभाग कल्पिले. पहिल्या विभागांत नव्या खाणींस परवाना नाहीं व चालू खाणीहि २०१६ पर्यंत क्रमानें बंद. दुसऱ्यांत नवा परवाना नाहीं, चालू खाणींवर मात्र कडक देखरेख. तिसऱ्यांत कांहीं अटींवर मुभा. सिंधुदुर्ग व रत्नागिरी या खाणींच्या तोंडीं आलेल्या जिल्ह्यांचा विचार तर त्यांत स्वतंत्रपणें केलेला आहे.

या लिखाणाचा खरा गुण या मनाईंच्या यादींत नाहीं. आपण आंखलेल्या सीमा तात्पुरत्या आहेत, अखेरची रेघ ग्रामसभांनीं विचारविनिमय करून ओढावयाची आहे, असें ही समिती स्वतःच सांगते. तज्ज्ञानें आपलें ज्ञान मांडावें आणि निर्णयाची लेखणी गांवाच्या हातीं द्यावी, हा विनय सरकारी वाङ्मयांत दुर्मिळ आहे. त्यासाठीं या अहवालास जितकें श्रेय द्यावें तितकें थोडेंच.

परंतु दोषहि तितकाच स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्या ग्रामसभेच्या हातीं लेखणी द्यावयाची, तिच्या भाषेंत हा ग्रंथ लिहिलेलाच नव्हता. पांचशेंहून अधिक पानें, दोन भाग, सगळा मजकूर इंग्रजी. त्यांतून विभाग ठरविले ते तालुक्याच्या मापानें. म्हणजे ज्याच्या शेताला लागून झुडूपहि नाहीं असा शेतकरीदेखील तालुक्याबरोबर पहिल्या विभागांत जाऊन बसला. सीमा तात्पुरती आहे हें वाक्य आंतल्या पानांत राहिलें आणि तालुक्यांची यादी तेवढी बाहेर पडली. अहवालाचें सर्वांत मोलाचें वाक्य वाचकाच्या दृष्टीस शेवटीं पडावें, ही रचनेची चूक आहे. आणि ती लहान नव्हे.

या चुकींत सरकारच्या मौनाची भर पडली. सादर झालेला अहवाल कित्येक महिने खात्यानें दडवून ठेवला. माहितीच्या अधिकाराखालीं झगडा झाला, केंद्रीय माहिती आयोगानें आदेश दिला, दिल्लीच्या उच्च न्यायालयांतहि सरकारची बाजू टिकली नाहीं, तेव्हां कोठें मे २०१२ मध्यें तो लोकांस पाहावयास मिळाला. जेथें मजकूर नसतो तेथें आवई उठते. घर बांधतां येणार नाहीं, गुरें चारतां येणार नाहींत, गांव उठवावें लागेल, असें बोललें जाऊं लागलें. पुढें प्रसिद्ध झालेला मराठी सारांशहि मुळाशीं प्रामाणिक नव्हता, अशी खुद्द गाडगीळांची तक्रार होती. लोकांनीं जो अहवाल धिक्कारला, तो लिहिलेला अहवाल नव्हता, ऐकलेला होता.

आणि तरीहि सगळें खापर आवईवर फोडणें हा अन्याय होईल. डोंगराच्या माणसास वनखातें म्हणजे काय हें पुस्तकांतून कळलेलें नाहीं. त्यानें तें काठीच्या व दंडाच्या रूपानें पाहिलेलें आहे. ‘रक्षण’ हा शब्द त्याच्या कानीं ‘मज्जाव’ असाच पडतो. कस्तुरीरंगन समितीनें २०१३ मध्यें संरक्षित भाग घाटाच्या सुमारें सदतीस टक्क्यांवर आणला, तरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत केरळांत हरताळ व जाळपोळ झालीच. तो क्षोभ अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणारा लेखक दुसऱ्या टोकाचा अडाणी ठरेल.

याच काळांत सिंधुदुर्गांत मात्र वेगळी गोष्ट घडली. सावंतवाडी व दोडामार्ग या भागांतील पंचवीस गांवांच्या ग्रामसभांनीं आपण होऊन ठराव केले कीं, आमचीं गांवें संवेदनशील क्षेत्रांत घ्या. त्यांनीं कळणें येथील लोहखनिजाची खाण शेजारीं पाहिली होती. ज्या खाणीचा बांध पुढें जुलै २०२१ मध्यें फुटून गाळ गांवांत शिरला. त्यांस इंग्रजी अहवालाची गरज पडली नाहीं. काय जाणार आहे, हें त्यांच्या स्वतःच्या भाषेंत त्यांस ठाऊक होतें.

हीच कसोटी इतरत्र लावून पाहावी. अमेरिकेंतील अलास्काच्या उत्तरेस १९६० पासून रक्षिलेलें एक विस्तीर्ण रान आहे. त्यांतील पंधरा लक्ष एकरांचा किनारपट्टा तेलाच्या विहिरींसाठीं खुला करण्याची वाट २०१७ च्या कायद्यानें मोकळी झाली. कॅरिबू हरणांवर जगणारे ग्विचिन लोक त्या पट्ट्यास, जेथें जीवनाचा आरंभ होतो ती पवित्र जागा, अशा अर्थाचें नांव देतात आणि विहिरींस विरोध करतात. त्याच पट्ट्यांत राहणाऱ्या इनुपियाट लोकांपैकीं अनेक जण तेलास अनुकूल आहेत. कारण त्यांच्या शाळा व दवाखाने तेलाच्या करावर चालतात. दोघांचें पटत नाहीं, पण दोघेहि कशाविषयीं भांडत आहेत हें जाणतात. लोकमत एकमुखी असावें असा आमचा आग्रह नाहीं. तें जाणतें असावें, एवढाच आहे.

आपल्याकडे तें जाणतें होतें, याचा पुरावा १९२१ चा मुळशी सत्याग्रह. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मावळे उठले. ‘जान किंवा जमीन’ या तीन शब्दांच्या घोषणेचा अर्थ विचारण्यास कोणास शहरांत जावें लागलें नाहीं. लढा हरला, धरण झालें. पण हरलेल्यांस आपण काय हरलों हें शेवटपर्यंत ठाऊक होतें. शंभर वर्षांनंतर आपल्याजवळ उपग्रहांचे नकाशे आहेत, तज्ज्ञ आहेत, कायदे आहेत. उणें आहे तें मुळशीच्या मावळ्यास कळेल असें एक मराठी पान.

तें पान लिहिणें सरकारचें काम आहेच, पण केवळ सरकारचें नव्हे. मराठींत पक्ष्यांवर, वृक्षांवर, रानवाटांवर सुरेख लेखन झालें आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. मात्र त्याच रानाचा पट्टा कोणास, कोणत्या अटींवर दिला जातो, हें सांगणारें गद्य आपण हलकें मानीत आलों. परिणाम असा कीं, रानाचें सौंदर्य मराठींत राहिलें आणि रानाचा निकाल इंग्रजींत लागला.

३० जुलै २०२४ रोजीं वायनाडमध्यें डोंगर कोसळून शेंकडों माणसें गेलीं आणि दुसऱ्याच दिवशीं केंद्र सरकारनें घाटाविषयींच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा प्रसिद्ध केला. पहिला २०१४ मध्यें निघाला होता. असा मसुदा हातीं येईल तेव्हां कोणीं तरी तो शिरूरच्या त्या वृद्ध गृहस्थांपुढें बसून, त्यांच्या भाषेंत, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावा. ते ‘हो’ म्हणतील कीं ‘नाहीं’, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण त्यांचें उत्तर त्या मसुद्याला असेल, आवईला नव्हे.