खोकणारे यंत्र : संगणकनिर्मित खलपात्र आणि सात्त्विक अभिनयाचा प्रश्न

खलपात्राचा विचार करताना साहित्यसमीक्षा बहुधा त्याच्या हेतूपासून आरंभ करते. त्याला काय हवे आहे, ते त्याला का मिळत नाही आणि त्यासाठी तो कोणती मर्यादा ओलांडतो, या प्रश्नांतून पात्राचे अंतरंग उलगडते, अशी या विचारामागील धारणा असते. खलपात्राला शरीर असते, हे तर गृहीतच धरलेले असते. संगणकनिर्मित खलपात्राने नेमके हे गृहीतक अडचणीत आणले. ज्याच्या वाट्याला नटाचे शरीर आलेलेच नाही, अशा पात्राचे अंतरंग प्रेक्षकाला कोठून प्रतीत होते? जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' या विज्ञानकाल्पनिक चित्रपटमालिकेतील 'रिव्हेंज ऑफ द सिथ' (2005) या चित्रपटातील जनरल ग्रीव्हस हे पात्र या प्रश्नाच्या चिकित्सेसाठी विशेष उपयुक्त आहे.

ग्रीव्हस हा फुटीरतावाद्यांच्या यंत्रसैन्याचा सेनापती. अस्थिपंजरासारखे धातूचे शरीर, पांढरा मुखवटा, त्यातून दिसणारे पिवळट सजीव डोळे आणि छातीच्या कवचाआड जिवंत राहिलेले काही अवयव, एवढीच त्याची सामग्री. त्याचे रूप वॉरन फू या चित्रकाराच्या संकल्पनाचित्रांतून निश्चित झाले. हालचाली 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या संस्थेतील ॲनिमेशन कलावंतांनी रॉब कोलमन यांच्या मार्गदर्शनाखाली घडविल्या. चित्रीकरणस्थळी द्वंद्वाच्या प्रसंगांत काइल रोलिंग हे त्याच्या जागी उभे राहिले. परंतु पडद्यावर त्यांचा मागमूस उरला नाही. आवाज मॅथ्यू वुड यांचा. वुड हे मुळात ध्वनिसंयोजक. त्यांनी आपल्या आवाजाचा नमुना खऱ्या नावाऐवजी केवळ आद्याक्षरे देऊन निवडीसाठी पाठविला होता. ग्रीव्हसचा सततचा खोकला तर काही अंशी खुद्द लुकास यांच्या आजारपणातील खोकल्याच्या ध्वनिमुद्रणातून आलेला आहे.

नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे आंगिक, वाचिक आणि आहार्य हे अभिनयाचे तीन प्रकार तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाटले गेले आहेत. तथापि ही विभागणी संगणकाने प्रथमच घडवून आणली, असे मानणे चुकीचे ठरेल. जपानच्या बुनराकू परंपरेत एक बाहुली तीन सूत्रचालक हलवितात आणि तिचा आवाज बाजूला बसलेला निवेदक पुरवितो. रोलाँ बार्थ यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जपानविषयक ग्रंथात या विभक्ततेचा महत्त्वाचा विचार मांडला आहे. कथकलीत रावण किंवा कीचक साकारणारा नट बोलत नाही. त्याच्यासाठी गायक गातात. याच चित्रपटमालिकेतील डार्थ व्हेडरही असाच घडला. शरीर डेव्हिड प्राउझ यांचे, आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा, 1983 च्या चित्रपटात मुखवट्याआडून प्रकटलेला चेहरा सेबॅस्टियन शॉ यांचा, तर श्वासाचा प्रसिद्ध ध्वनी बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून मिळविलेला. तात्पर्य, अनेकांनी मिळून एक खलपात्र घडविणे ही जुनी रीत आहे.

मग नवे काय? नवेपण आहे ते चौथ्या, म्हणजे सात्त्विक अभिनयाच्या बाबतीत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव मनाच्या एकाग्र अवस्थेतून शरीरावर उमटतात, अशी परंपरेची भूमिका आहे. कथकलीच्या नटाचा चेहरा रंगलेपाखाली झाकलेला असला, तरी त्याचे डोळे त्याचेच असतात. बुनराकूची बाहुली निर्जीव असली, तरी तिला स्पर्श करणारा हात प्रेक्षकासमोर असतो. ग्रीव्हसच्या बाबतीत असा कोणताही जिवंत दुवा पडद्यावर उरत नाही. धातूला घाम येत नाही. मुखवट्यावर रोमांच उभे राहत नाहीत की त्याचा रंग पालटत नाही.

म्हणूनच त्याच्या खोकल्याला विलक्षण महत्त्व येते. आठ सात्त्विक भावांपैकी स्वरभेदाचाच काय तो मार्ग या पात्राला मोकळा होता, आणि त्याच्या निर्मात्यांनी नेमका तोच निवडला. चार हातांत चार प्रकाशखड्गे फिरविणारे हे यंत्र बोलता बोलता वाकते, धाप लागून खोकते. त्या क्षणी या कवचात कोणीतरी जिवंत आहे, आणि जे जिवंत आहे ते आजारी आहे, याची जाणीव प्रेक्षकाला होते. व्हेडरच्या श्वासाशी असलेले त्याचे नातेही येथे स्पष्ट होते. माणसाचे यंत्र कसे होईल, याची पूर्वसूचना ग्रीव्हस आपल्या छातीतून देत राहतो.

असे असूनही ग्रीव्हस विस्मय जागवितो, करुणा जागवीत नाही. त्याचे खापर संगणकावर फोडण्याची प्रवृत्ती सहज संभवते: शरीरच नाही, तेव्हा सत्त्व कोठून येणार? हा युक्तिवाद मात्र तपासून पाहिला असता टिकत नाही. 1983 च्या चित्रपटाच्या अखेरीस व्हेडर आपला तडफडणारा मुलगा आणि त्याला छळणारा सम्राट यांच्याकडे आळीपाळीने पाहतो. मुखवटा जराही बदलत नाही. मूळ आवृत्तीत एक शब्दही उच्चारला जात नाही. तरीही प्रेक्षकाला त्या निश्चल मुखवट्यावर झगडा दिसतो. 2011 च्या आवृत्तीत या प्रसंगी व्हेडरच्या तोंडी नकाराचे उद्गार घातले गेले, तेव्हा अनेक चाहत्यांना ते खटकले. जे प्रेक्षकाने स्वतः पुरविले होते, तेच त्याला पुन्हा ऐकविले जात होते. व्हेडरचा मुखवटा सात्त्विक भाव दाखविण्यास ग्रीव्हसच्या मुखवट्याइतकाच असमर्थ आहे. मग फरक कोठे पडतो?

तो पडतो विभावाच्या स्थानामुळे. व्हेडरच्या त्या दृष्टिक्षेपामागील कारणे, म्हणजे पितृत्व, पश्चात्ताप, सम्राटाशी असलेले बंधन, संहितेतच आलेली असतात. ग्रीव्हसच्या खोकल्याचे एक कारण मात्र चित्रपटाबाहेर आहे. गेंडी टार्टाकोव्हस्की यांच्या 'क्लोन वॉर्स' (2003–2005) या रेखाचित्रित दूरचित्रवाणी मालिकेत जेडाय मेस विंडू त्याची छाती चिरडतो. ती पाहिलेल्यालाच खोकल्याचा तो अर्थ कळतो. केवळ चित्रपट पाहणाऱ्यापुढे अनुभाव येतो, पण विभाव येत नाही. परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. अशा स्थितीत रसप्रक्रिया अपुरी राहणे अपरिहार्य ठरते.

मृत्यूच्या प्रसंगात हे अपुरेपण तीव्र होते. उटापाऊ ग्रहावरील झटापटीत ओबी-वान केनोबी ग्रीव्हसच्या छातीचे कवच उचकटतो. आतील जिवंत अवयव उघडे पडतात आणि लगेच त्यांवर गोळ्या झाडल्या जातात. या पात्राचे हृदय चित्रपटात ठळकपणे दिसते ते केवळ लक्ष्य म्हणून. जे उलगडायचे होते, ते उडविले जाते.

'अव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' (2018) मधील थॅनॉसशी तुलना केल्यास हा निष्कर्ष अधिक बळकट होतो. तेथे जॉश ब्रोलिन यांच्या मुखावरील सूक्ष्म हालचाली टिपून त्या संगणकनिर्मित चेहऱ्यावर उतरविल्या गेल्या. थॅनॉसच्या डोळ्यांत येणारे अश्रू हे सात्त्विक भाव पुन्हा नटाकडे परत आल्याचे लक्षण होय. परंतु ते अश्रू परिणामकारक ठरतात, याचे श्रेय तंत्राइतकेच संहितेलाही द्यावे लागते. ज्या मुलीचा तो बळी देतो, तिच्याशी असलेला त्याचा संबंध त्याच चित्रपटात प्रस्थापित झालेला असतो. विभाव आणि अनुभाव एकाच संहितेत नांदतात.

या तुलनेतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, संगणकनिर्मित पात्राचे शरीर अनेकांचे असले, तरी त्यामुळे त्याचे अंतरंग आपोआप पोकळ होत नाही. बाहुली आणि मुखवटा यांच्या परंपरा हे पूर्वीपासून सांगत आल्या आहेत. दुसरी, एकच कथा चित्रपट, दूरचित्रवाणी आणि पुस्तके यांत विखुरली जाते, तेव्हा पात्राचे कारण एका माध्यमात आणि परिणाम दुसऱ्यात राहण्याचा धोका वाढतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने म्हणूनच अशा खलपात्राची चिकित्सा करताना तंत्राच्या नवलाईपाशी थांबू नये. पात्राच्या दुःखाचे कारण कोणत्या संहितेत ठेवले आहे, हेही तपासावे. ग्रीव्हसच्या छातीत हृदय होते. त्याची कथा मात्र दुसरीकडे सांगितली गेली.