एका मुखपृष्ठाखालील चार विद्याशाखा : बहुविद्याशाखीय संशोधनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक :

महाविद्यालयीन संशोधन-पत्रिकेचा अंक उघडला की अनुक्रमणिकेत एक विलक्षण शेजार दृष्टीस पडतो. गाभण म्हशीच्या आहारातील खनिज मिश्रणावरचा निबंध, त्याच्या पाठोपाठ नववीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्याससवयी, पुढे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आणि अखेरीस मेट्रिक अवकाशातील स्थिरबिंदूचे एखादे प्रमेय. या चौघांत शेजार आहे. शेजारधर्म मात्र नाही. पशुपोषणाचा निबंध कायद्याच्या प्राध्यापकाने वाचल्याची खूण कोठे आढळत नाही आणि गणिताचा निबंध तर बहुधा लेखक व परीक्षक यांच्यापलीकडे जातच नाही. अशा अंकाला 'बहुविद्याशाखीय' म्हणावे की केवळ 'एकत्र बांधलेला' म्हणावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. येथे कोणत्याही विशिष्ट निबंधावर वा पत्रिकेवर टीका करण्याचा हेतू नाही. टीका आहे ती एका रूढ झालेल्या रीतीवर.

या रीतीची प्रशासकीय पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आले आणि निबंध हे गुण मिळविण्याचे साधन झाले. मान्य पत्रिकांची 'केअर' यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंदही केली. दरम्यान नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी संपुष्टात आली. (या पदवीच्या छोट्या प्रबंधाची थट्टा पुष्कळ झाली, तथापि एका लहान प्रश्नापाशी वर्षभर बसण्याची सवय तिने अनेकांना लावली, हेही नोंदवले पाहिजे.) यादी गेली तरी निबंधांचा साचा गेलेला नाही. म्हणून दोष केवळ आयोगाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

साचा कसा असतो?

शिक्षणशास्त्राच्या निबंधात शंभर मुले, शंभर मुली, एक शून्य परिकल्पना, टी-मूल्य आणि ०.०५ हा सार्थकता स्तर असतो. नमुना का व कसा निवडला, हे एका वाक्यात उरकले जाते. सामाजिक कायद्यावरील निबंधात कलमांचे भाषांतर असते, पण त्या कलमाखाली कोणाचा दावा उभा राहिला आणि त्याचे काय झाले, ते नसते. गणिताचा निबंध इंग्रजीत असतो व त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. पशुपोषणाचा निबंध या चौघांत तुलनेने प्रामाणिक म्हणावा लागेल. कारण तेथे जनावराचे वजन करावे लागते आणि गव्हाणीत उरलेला चाराही तोलावा लागतो. परंतु तेथेही आहाराचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न निबंधाच्या वेशीबाहेर राहतो.

हे चार विषय खरोखर एकमेकांपासून दूर आहेत काय? एक उदाहरण सविस्तर पाहू.

चारा छावणी : चारही शाखांचा एकच प्रश्न

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यानंतर मराठवाड्यात, तसेच अहमदनगर (आता अहिल्यानगर), सोलापूर, सातारा या भागांत चारा छावण्या उभ्या राहिल्या. मोठ्या जनावरामागे दररोज ९० रुपये व लहान जनावरामागे ४५ रुपये असे अनुदान होते. मे २०१९ मध्ये ते अनुक्रमे १०० व ५० रुपये झाले. मोठ्या जनावराला १५ किलो हिरवा चारा द्यावयाचा होता, तो पुढे १८ किलो करण्यात आला. जोडीला थोडे पशुखाद्य.

आता पशुपोषणाचे अगदी प्राथमिक गणित मांडू. जनावराची गरज ओल्या चाऱ्याच्या वजनावर मोजत नाहीत. पाणी वजा जाता उरणाऱ्या शुष्क पदार्थावर मोजतात. देशी गाईला तिच्या वजनाच्या साधारण २ ते २.५ टक्के शुष्क पदार्थ रोज लागतो. म्हणजे ३०० किलोच्या गाईला ६ ते ७.५ किलो. छावणीत प्रामुख्याने येणारा चारा म्हणजे ऊस किंवा उसाचे वाढे. वाढ्यात शंभर भागांत २५ ते ३० भाग शुष्क पदार्थ धरला, तर १५ किलोंतून पावणेचार ते साडेचार किलो मिळतो आणि १८ किलोंतून साडेचार ते ५.४ किलो. पशुखाद्य धरूनही भारी वजनाच्या संकरित गाईचे पोट यात भरत नाही. शिवाय वाढ्यांत ऑक्झालेटचे प्रमाण अधिक असल्याने शरीरातील कॅल्शियम बांधले जाते. म्हणूनच वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला दिला जातो. जनावर जगविणे हा छावणीचा हेतू होता, दूध वाढविणे नव्हे, असे उत्तर यावर देता येईल व ते अग्राह्य नाही. मात्र 'जगविणे' आणि 'पोसणे' यांतील हे अंतर किलोत सांगता येते आणि ते सांगणे हे संशोधकाचेच काम आहे.

येथे गणित आपोआप प्रवेश करते. ठरावीक रुपयांत जास्तीत जास्त पोषण कसे बसवावे, हा प्रश्न गणिताला नवा नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषकघटक घेऊन माणसाच्या सर्वांत स्वस्त आहाराचा प्रश्न मांडला व अंदाजाने वर्षाला ३९.९३ डॉलर हे उत्तर काढले. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांच्या सिम्प्लेक्स पद्धतीने तेच उदाहरण सोडविण्यात आले. हाताने चालविण्याच्या गणनयंत्रांवर नऊ जण बसले, सुमारे १२० मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आले ३९.६९ डॉलर. फरक २४ सेंटचा. १९५१ मध्ये फ्रेडरिक वॉ यांनी हीच पद्धत दुभत्या गाईच्या खुराकाला लावली. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ पासून राष्ट्रीय डेअरी योजनेत गावोगाव जो संतुलित आहाराचा कार्यक्रम चालविला, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे. लिनिअर प्रोग्रॅमिंग पदवीच्या वर्गात शिकविले जाते ते खुर्च्या-टेबलांच्या कारखान्याचे उदाहरण देऊन. छावणीची गव्हाण त्या फळ्यावर कधी येत नाही.

शिक्षणशास्त्राचा संबंध याहून थेट आहे. छावणीत जनावर दावणीला बांधले की घरातील कोणीतरी त्याच्यापाशी मुक्कामाला राहावे लागते. घर दोन ठिकाणी विभागले जाते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला शाळेचा हक्क देतो. दुष्काळाच्या त्या महिन्यांत छावणीजवळच्या शाळांतील उपस्थिती कशी होती, हे हजेरीपटावर लिहिलेले असते. अभ्याससवयींची प्रश्नावली भरून घेणाऱ्या संशोधकाने हजेरीपट मागितला असता, तर त्याला टी-मूल्यापेक्षा अधिक काही हाती लागले असते.

न्यायालयातील चारा

कायद्याच्या अभ्यासकांना चाऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय याचे उत्तर देतात. मोहम्मद हनीफ कुरेशी प्रकरणात १९५८ मध्ये घटनापीठाने गोहत्याबंदी वैध ठरविली. परंतु काम वा प्रजोत्पादन करण्यास असमर्थ झालेल्या बैलांच्या व वळूंच्या कत्तलीवरील सरसकट बंदी वाजवी मानली नाही. त्यामागील एक प्रमुख कारण होते चाऱ्याची टंचाई : निरुपयोगी जनावरे उपयोगी जनावरांच्या तोंडचा घास घेतात, असा तो युक्तिवाद होता. ऑक्टोबर २००५ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध मिर्झापूर मोती कुरेशी कसाब जमात या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ती भूमिका बदलली. चाऱ्याची टंचाई हे कारण आता पुरेसे नाही आणि म्हातारा बैलही शेण व मूत्र देतो, असे बहुमताने मानले. न्या. ए. के. माथुर यांनी भिन्न मत नोंदविले. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रातही बैल व वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. परराज्यातून आणलेले मांस बाळगण्यावरील बंदीचे कलम मात्र रद्द केले.

निर्णय कोणाला रुचो वा न रुचो, देशाच्या घटनापीठांपुढे दोन वेळा चाऱ्याचा हिशेब हा मूलभूत हक्कांच्या चर्चेचा भाग झाला, ही गोष्ट निर्विवाद आहे. असे असता या विषयावरील आपल्या निबंधांत धर्मभावना आणि अनुच्छेद ४८ यांची चर्चा पानोपानी होते, पण एका बैलाला वर्षाला किती कडबा लागतो याचे एकही वाक्य सहसा नसते.

याच संदर्भात एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. कायद्यावरील मराठी लेखनात 'भाकड' हा शब्द सर्रास 'निरुपयोगी' या अर्थी येतो. गोठ्यात त्याचा अर्थ तसा नाही. भाकड म्हणजे सध्या दूध न देणारी. ती पुन्हा विण्याची शक्यता असते. विण्यापूर्वी सुमारे दोन महिने गाय मुद्दाम आटवतात आणि पोटातल्या वासरासाठी त्या काळात तिला जादा आंबोण देतात. म्हणजे ज्या जनावराला अधिक द्यावयास हवे, त्यालाच एका शब्दाच्या गैरसमजाने निरुपयोगी ठरविले जाते. पशुपोषणाचा निबंध शेजारच्या पानावर असूनही कायद्याच्या निबंधात ही चूक तशीच छापली जाते.

पूर्वसुरी

वेगवेगळ्या शाखा एका प्रश्नावर एकत्र आणणे आपल्याकडे घडलेच नाही, असे नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने बळकावलेली गायराने, कोर्टकचेऱ्या आणि शेतकऱ्याच्या मुलांचे शिक्षण हे एकाच दुःखाचे पदर म्हणून येतात. विसाव्या शतकातील उदाहरण पुण्याचे आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा आखताना माणशी २२५० कॅलरींचा आधार घेतला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले, अन्न व कृषी संघटनेतून परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला : निरोगी माणसाचीही गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक माणूस उपाशी ठरविता येत नाही. या वादात संख्याशास्त्र, आहारशास्त्र व सामाजिक धोरण यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. त्याच दांडेकरांनी १९६० च्या दशकात गुरांच्या संख्येच्या प्रश्नावरही लेखन केले. या वादात कोणाची बाजू बरोबर, हा स्वतंत्र विषय आहे. एकाने दुसऱ्याचे गणित तपासले, हे येथे महत्त्वाचे. छावणीतील सर्व मोठ्या जनावरांना, मग ते खिलार बैल असो वा गाभण होल्स्टीन, एकच १५ किलो लावताना सुखात्म्यांचा आक्षेप उलट दिशेने लागू होतो. तो कोणी लावून पाहिल्याचे वाचनात नाही.

असे निबंध लिहिले तर ते तपासणार कोण, ही संपादकांची अडचण खरी आहे. चारही विषय जाणणारा परीक्षक मिळणार नाही. परंतु प्रत्येक निबंध स्वशाखेतील एका परीक्षकाबरोबर परक्या शाखेतील एका अध्यापकाकडेही पाठविता येईल. त्याने निर्णय देऊ नये; न कळलेले शब्द आणि आधार न दिलेले आकडे यांच्याखाली फक्त रेघ ओढावी आणि लेखकाने त्या प्रत्येक रेघेला उत्तर द्यावे. याला अनुदान लागत नाही, शिक्षकदालनातील एक टेबल पुरते. छावणीवरील एखादा निबंध असा गणिताच्या अध्यापकाकडे गेला, तर तो पहिली रेघ बहुधा त्या १५ किलोंखालीच ओढील आणि समासात विचारील : हे वजन ओल्या चाऱ्याचे की वाळलेल्या?