मल्लमंडळीतील पात्रयोजना

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे हवेली तालुक्यात लोणी काळभोर हे गाव लागते. त्याच्या शिवारात, मुळामुठेच्या काठी, राज कपूर ह्यांचा राजबाग आहे. 'सत्यं शिवं सुंदरम्' (१९७८) ह्या चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले. आज तेथे एका शिक्षणसंस्थेचे विस्तीर्ण आवार आणि कपूर ह्यांचे स्मारक उभे आहे. ह्या बागेच्या धन्याने ज्या कृतीवर आपली सारी पुण्याई पणास लावली, तो 'मेरा नाम जोकर' (१९७०) त्यातील सर्कशीमुळे रसिकांच्या स्मरणात आहे. आणि त्या सर्कशीत शेरसिंग म्हणून वावरणारा पुरुष म्हणजे सर्वपरिचित मल्ल दारासिंग. जेथे कुस्ती आणि सिनेमा हे दोन्ही विषय पारावर सारख्याच हक्काने निघतात, तेथे 'दारासिंगाच्या जागी दुसरा कोणी असता तर?' हा प्रश्न उपस्थित व्हावा ह्यात नवल नाही. हा प्रश्न रिकामटेकड्यांचा आहे असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते तो टीकाशास्त्राचा प्रश्न आहे. मात्र तो नीट विचारला पाहिजे.

प्रथम शब्दांचा खुलासा करू. तालीम आणि मल्लमंडळी ह्या दोन भिन्न वस्तू होत. तालमीत वस्ताद मल्ल घडवितो, आणि हौद्यात उतरल्यावर कोण चीत होणार हे कोणासच ठाऊक नसते. व्यावसायिक कुस्तीच्या मंडळीत मल्ल तयारच येतात. तेथे चालक त्यांना भूमिका वाटून देतो. एक नायक, एक आडदांड खलपुरुष, एक कपटी साथीदार, एक नवखा शिपाईगडी, अशी ही वाटणी असते. अमेरिकेत तर अशा चारपाच मल्लांच्या टोळ्या बांधून त्यांस स्वतंत्र नावे देण्याची रीतच आहे. म्हणजे मल्लमंडळीचे नाते तालमीपेक्षा नाटकमंडळीशी अधिक जवळचे. कोल्हापुरात तर हे नाते दगडाविटांत दिसते. शाहू महाराजांनी उभारलेले खासबागेचे मैदान आणि १९१५ साली सुरू झालेले पॅलेस थिएटर, जे पुढे केशवराव भोसले ह्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ही एकमेकांना पाठ लावून बांधलेली आहेत. हे नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले, तेव्हा नाटकवेड्यांइतकेच कुस्तीवेडेही हळहळले.

पात्र बदलून पाहण्याचा खेळ मराठी माणसास नवा नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. त्यात ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगभूमीवर आले, ते केवळ दोन उत्तम गळे एकत्र ऐकण्यासाठी नव्हे. धैर्यधर बदलला की भामिनीही बदलते, हे त्या रात्री प्रेक्षकांना कळले. ज्या चालीवर बालगंधर्व एरवी विसावत, त्याच चालीवर समोरून तोलामोलाचे आव्हान आले म्हणजे तिला निराळी धार येते. ह्यावरून आम्ही एक नियम काढतो: एक पात्र बदलावयाचे तर बाकीची सारी मंडळी पुन्हा तोलून पाहिली पाहिजे. जो हे करीत नाही, तो केवळ आपल्या आवडत्या नावांची यादी करतो. टीका करीत नाही.

आता हा नियम दारासिंगाच्या मंडळीस लावून पाहू. १९५० नंतरच्या दोन दशकांत मुंबईत ज्या फ्रीस्टाइल कुस्त्या गाजल्या, त्यांचा नायक दारासिंग होता. १९५९ साली कलकत्त्यास जॉर्ज गॉर्डियेन्को ह्यास हरवून त्याने राष्ट्रकुलाचा किताब घेतला. २९ मे १९६८ रोजी मुंबईत लू थेझ ह्यास हरवून तो जगज्जेता ठरला. परंतु लोकांच्या मनात त्याचे नाव ज्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले, तो ना गॉर्डियेन्को ना थेझ. तो म्हणजे हंगेरीकडचा एमिल झाया ऊर्फ किंगकाँग. दाढीवाला, पर्वतप्राय, गर्दीवर गुरगुरणारा. कौशल्याच्या तराजूत थेझचे पारडे निःसंशय जड. मात्र भूमिकेच्या तराजूत किंगकाँगचे. दारासिंगाचा देखणा, सौम्य, हसरा चेहरा त्या धिप्पाड राक्षसासमोर उभा राहिला म्हणजे कथा आपोआप सांगितली जाई. तेथे सूत्रधाराची गरज नव्हती. थेझसारखा सभ्य व शास्त्रशुद्ध मल्ल समोर असला की सामना श्रेष्ठ होई, आणि कथा मात्र क्षीण होई. म्हणून आमचा पहिला निष्कर्ष असा की, मल्लमंडळीत नायकाची निवड प्रथम होत नाही. ती खलनायकाच्या निवडीत दडलेली असते. रामकथेतही रावण दुबळा कल्पिला तर रामाचे धनुष्य हलके होते.

आमच्याकडचे कुस्तीशौकीन येथे एक आक्षेप घेतात, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ते म्हणतात, 'नायक पाहिजे होता तर महाराष्ट्रात काय वाण होती?' १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९६० चे गणपतराव आंदळकर, १९६४ चे मारुती माने हे तिघेही त्याच काळातले. आंदळकर आणि माने ह्या दोघांनीही १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. ह्यांपैकी एकास दारासिंगाच्या जागी बसविले असते तर? ताकदीच्या दृष्टीने काहीच अडले नसते. परंतु ह्या मल्लांची सारी प्रतिष्ठा निकाली कुस्तीवर उभी होती. निकाल अगोदर ठरलेला नाही, ह्याच विश्वासावर खासबागेत माणसे तासन् तास बसत. अशा मल्लास ठरीव भूमिका देणे म्हणजे हरिदासास नटाचे मानधन देऊन कीर्तन करावयास लावणे होय. कीर्तन होईलही, पण ऐकणाऱ्यांची श्रद्धा उडेल. दारासिंगाचे वैशिष्ट्य हेच की तो दोन्ही जगांत वावरला, आणि त्याच्या साध्याभोळ्या वागण्यामुळे लोकांनी त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही. म्हणून ही पर्यायी यादी आम्हांस अभिमानास्पद वाटते, तथापि ग्राह्य वाटत नाही.

खाशाबा जाधवांचे उदाहरण ह्याहूनही बोलके आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या ह्या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तेथे पाठविण्यासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांचा गट ५७ किलोंचा. कोणत्याही मल्लमंडळीच्या चालकाने त्यांना दारातूनच परत पाठविले असते, कारण तिकीट काढणाऱ्यास प्रथम आकार दिसतो, डाव मागाहून. पात्रयोजनेचा हा क्रूरपणा आहे, आणि तो नाटकमंडळीतही होताच. ज्याचा गळा चांगला पण अंगलट आखूड, असा नट जन्मभर भालदार-चोपदार राहिल्याच्या कथा कोणत्या मंडळीत नाहीत? फरक एवढाच की खाशाबांच्या पराक्रमाला मंडळीची गरजच नव्हती.

आणखी एक नाव ह्या चर्चेत वारंवार वगळले जाते, आणि ते वगळणे हीच एक टीका आहे. हमीदा बानू ही मल्लस्त्री १९५४ साली देशभर गाजत होती. बडोद्यास तिने बाबा पैलवानास दोन मिनिटांच्या आत चीत केले, आणि त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन ह्या रशियन मल्लस्त्रीस हरविले. परंतु महाराष्ट्रात तिचे स्वागत सरळ झाले नाही. रामचंद्र साळुंके ह्या मराठी मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती रद्द झाली. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई ह्यांच्याकडे गाऱ्हाणे घातले, तेव्हा उत्तर मिळाले ते असे की, कुस्ती थांबविली ती ती स्त्री म्हणून नव्हे. तिच्यापुढे बनावट प्रतिस्पर्धी उभे केले जातात अशा तक्रारी चालकांविरुद्ध आल्या म्हणून. हे उत्तर खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच. दारासिंगापुढेही भूमिका वाटून घेतलेलेच मल्ल येत होते. तेथे ती कला ठरली, आणि येथे मात्र लबाडी. नायकाच्या जागी स्त्री बसविताच प्रेक्षक आणि सरकार दोघेही एकाएकी निकालाच्या खरेपणाविषयी दक्ष झाले. आमच्या मते त्या काळच्या कोणत्याही मल्लमंडळीत सर्वांत धाडसी आणि सर्वांत सार्थ पर्यायी निवड हमीदा बानूची ठरली असती. तिच्या समोर कोणताही खलपुरुष चालला असता, कारण तिच्या प्रत्येक कुस्तीची कथा ती हौद्यात पाऊल टाकताच सुरू होत असे. पुढे ती कल्याणास राहिली, दूध विकून तिने दिवस काढले, आणि १९८६ साली वारली. २०१५ साली देशात कुस्तीची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघात स्त्रियांना जागा होती. ती जागा साठ वर्षे उशिरा आली.

आता राजबागेच्या धन्याकडे वळू. 'मेरा नाम जोकर'मध्ये सर्कशीची मंडळी जमविताना राज कपूर ह्यांनी एकामागून एक प्रसिद्ध चेहरे आणले: मालक धर्मेंद्र, रिंगमास्टर शेरसिंग म्हणून दारासिंग. परंतु दारासिंगाबरोबर त्याचा किंगकाँग आला नाही. ज्या नात्यामुळे तो नायक होता ते नाते तोडून केवळ त्याची कीर्ती पडद्यावर आणली गेली. प्रेक्षक त्यास पाहताच ओळखतो, आनंदतो, आणि त्याच क्षणी धोका संपतो. दारासिंगास सिंह काय करणार? विदूषकाच्या कथेस मात्र धोक्याची अत्यंत निकड असते. विदूषकाचे पडणे खोटे, म्हणून त्याच्या शेजारी एकाचे तरी संकट खरे पाहिजे. नाहीतर सर्कशीच्या तंबूत सारेच सोंग होते आणि विदूषकाच्या अश्रूंना तुलनेची जागा उरत नाही.

येथे एक पर्याय पुण्यातच होता. दामू धोत्रे ह्यांचा जन्म १९०२ सालचा, पुण्याचा. १९४० पासून ते अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स ह्या जगप्रसिद्ध सर्कशीत हिंस्र पशूंचे खेळ करीत. बिबळ्यांच्या कामात त्यांचा हातखंडा होता. 'जोकर' तयार होत असताना ते पुण्यात हयात होते. १९७३ साली ते निवर्तले. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली देशी सर्कस काढली, त्या मराठी परंपरेचे ते शिखर होते. त्यांच्या वयाचा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते वृद्ध रिंगमास्टर हीच त्या कथेची गरज होती. पिंजऱ्यात शिरणारा म्हातारा पाहिला की प्रेक्षकाचा श्वास अडतो, आणि नंतर येणारा विदूषक त्यास मोकळा करतो. अशी निवड तिकीटविक्रीस घातक ठरली असती हे खरे. परंतु प्रसिद्ध चेहऱ्यांची रास रचूनही चित्रपट त्या वेळी पडलाच.

आमचे हे म्हणणे निव्वळ कल्पना नव्हे, ह्याचा पुरावा त्याच चित्रपटात आहे. त्यातील दोन निवडी कीर्तीवर झालेल्या नव्हत्या. बाल राजूच्या भूमिकेत ऋषी कपूर हा अपरिचित पोर आला, आणि राष्ट्रीय पारितोषिक घेऊन गेला. मरीनाच्या भूमिकेत मॉस्कोच्या बोल्शोई रंगमंदिराची नर्तिका क्सेनिया र्याबिंकिना आली. ती सर्कसवाली नव्हती, तरी तिच्याविषयी आमच्या प्रेक्षकाच्या मनात कोणतेही चित्र नव्हते, म्हणून तिने जे दाखविले तेच त्याने पाहिले. आज हा चित्रपट आठवला की प्रथम ही दोन पात्रे आठवतात. पाहुणे म्हणून आलेल्या नामांकितांची नावे आठवतात. त्यांची पात्रे आठवत नाहीत.

तेव्हा मल्लमंडळी असो, सर्कस असो की नाटकमंडळी, पर्यायी पात्रयोजनेची कसोटी एकच. 'ह्याहून बलवान कोण?' असे विचारू नये, 'ह्याहून प्रसिद्ध कोण?' असे तर मुळीच विचारू नये. ह्याच्यासमोर कोण उभे आहे, आणि त्या दोघांमध्ये काय घडण्याची भीती किंवा आशा प्रेक्षकास वाटते, एवढेच विचारावे. गावच्या जत्रेत जोड लावणारे पंच हे केव्हाच जाणतात. नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत ते दोन अंगे शेजारी उभी करतात, डोळ्यांनी तोलतात, आणि विषम जोड लावली तर फडातला म्हातारा शेतकरीसुद्धा उठून ओरडतो. एवढी दक्षता ज्या प्रेक्षकाच्या अंगी आहे, त्यास केवळ कीर्तीच्या जोरावर फार काळ फसविता येत नाही. चालकांनी व दिग्दर्शकांनी त्याच्या त्या ओरडण्यास भ्यावे. टीकाकारांनी त्याच्यापासून शिकावे.